कायद्यासाठी झटलेला धर्मगुरू : बिशप बार्तोलोमे दे लास कासास

१५ ऑगस्ट हा आपल्यासाठी दुहेरी आनंदाचा दिवस. एकीकडे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि दुसरीकडे झेंडावंदन. याच सणाच्या दिवशी १५१४ साली क्युबा बेटावर एका तरुण धर्मगुरूने प्रवचनात एक अजब घोषणा केली. राजाच्या हुकमाने आपल्या ताब्यात असलेले सर्व आदिवासी मजूर आपण सोडून देत आहोत, असे त्याने जाहीर केले. समोर बसलेल्या बहुतेक भाविकांकडे तसेच मजूर होते. ते मजूर बाळगणे पाप आहे, असेही त्याने त्यांना स्पष्ट सांगितले. लोक थक्क झाले. त्या धर्मगुरूचे नाव बार्तोलोमे दे लास कासास. दुबळ्यांच्या हक्कांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून ते पुढे अर्धशतकाहून अधिक काळ झटले. आज त्यांच्या जीवनाची आपण ओळख करून घेऊ या.

सुखवस्तू तरुण

लास कासास यांचा जन्म १४८४ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. कोलंबस १४९३ साली पहिल्या सफरीवरून परतला, तेव्हा त्याने सोबत आणलेले आदिवासी या मुलाने सेव्हिलमध्ये डोळे विस्फारून पाहिले. त्याच वर्षी त्याचे वडील पेद्रो कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत सामील झाले. परत येताना त्यांनी एक आदिवासी तरुण आणला आणि तो मुलाला नोकर म्हणून दिला. पुढे राणी इसाबेलच्या हुकमामुळे त्या तरुणाला मायदेशी परत पाठवावे लागले. बार्तोलोमेला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नसावे.

१५०२ साली बार्तोलोमे स्वतः हिस्पॅनिओला बेटावर गेले. आज या बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असे दोन देश आहेत. तेथे 'एन्कोमिएन्दा' नावाची पद्धत रूढ होत होती. राजा एखाद्या स्पॅनिश माणसाच्या स्वाधीन आदिवासींची काही गावे करी. त्या माणसाने त्यांचे रक्षण करावे, त्यांना ख्रिस्ताची शिकवण द्यावी आणि बदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यावे, असा कागदावरचा नियम. प्रत्यक्षात ती वेठबिगारीच होती. सोन्याच्या खाणीत आणि शेतांत माणसे मरेपर्यंत राबत. उपासमार, मारहाण आणि युरोपातून आलेले रोग यांनी गावेच्या गावे ओस पडली.

बार्तोलोमे पुढे धर्मगुरू झाले, तरी आपले मजूर त्यांनी सोडले नाहीत. ते त्यांना मारझोड करीत नसत, चांगले वागवीत. आपण इतरांसारखे नाही, याचे त्यांना समाधान होते. आपल्यालाही असे समाधान किती सहज मिळते!

हादरवणारे प्रवचन

१५११ च्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी सांतो दोमिंगो शहरात फादर अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने प्रवचन केले. ते त्याच्या एकट्याचे नव्हते. तेथील डोमिनिकन बंधूंनी ते मिळून तयार केले होते. आदिवासी ही माणसे नाहीत का, कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना गुलामीत ठेवले आहे, असा सवाल त्यांनी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना केला. वसाहतवाले संतापले. तक्रार राजापर्यंत गेली. पण त्या खळबळीतूनच १५१२ साली बर्गोस येथे आदिवासींविषयीचे पहिले कायदे झाले. त्यांत विश्रांती, अन्न, गरोदर स्त्रियांना जड कामातून सूट अशा तरतुदी होत्या. मूळ पद्धतीला मात्र हात लागला नाही.

याच सुमारास एका डोमिनिकन धर्मगुरूने लास कासास यांना पापक्षमा नाकारली, कारण त्यांच्याकडे मजूर होते. लास कासास यांनी त्याच्याशी वाद घातला आणि आपले मजूर कायम ठेवले.

१५१३ साली ते सैन्याचे चॅप्लेन म्हणून क्युबात गेले. काओनाओ या गावी अन्न घेऊन सामोऱ्या आलेल्या निरपराध आदिवासींची सैनिकांनी त्यांच्या डोळ्यांदेखत कत्तल केली. तरीही क्युबात मिळालेली जमीन आणि मजूर त्यांनी स्वीकारले.

१५१४ साली पेंटेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करताना ते बेन सिराच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय वाचत होते. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूचे अर्पण देवाला मान्य नाही आणि मजुराची मजुरी बुडवणारा रक्तपात करणाऱ्यासारखाच आहे, असा त्या अध्यायाचा आशय आहे. हे शब्द त्यांनी पूर्वी अनेकदा वाचले असतील. या वेळी मात्र ते आरपार गेले. वेदीवर आपण जी भाकर अर्पण करतो ती कोणाच्या घामाची, हा प्रश्न त्यांना पडला. काही दिवस विचार करून त्यांनी निर्णय घेतला आणि १५ ऑगस्टला तो जाहीर केला.

राजदरबारी

आपण आपले मजूर सोडले, म्हणजे प्रश्न सुटला, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी सोडलेले मजूर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाणारच होते. म्हणून कायदाच बदलला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १५१५ साली ते स्पेनला परतले आणि नाताळच्या सुमारास राजा फर्डिनांड यांना भेटले. पुढच्याच महिन्यात राजा वारला. त्यानंतर कारभार पाहणारे कार्डिनल सिस्नेरोस यांनी १५१६ साली त्यांना आदिवासींचे संरक्षक म्हणून नेमले.

याच काळात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. आदिवासींचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, अशी सूचना त्यांनी केली. आफ्रिकन गुलामांचा व्यापार त्यांच्या आधीपासून सुरू होता, हे खरे. पण त्यामुळे चूक लहान होत नाही. एकाचे अश्रू पुसताना दुसऱ्याचे अश्रू त्यांना दिसले नाहीत. पुढे आफ्रिकनांना कसे पकडून आणले जाते हे कळल्यावर त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला. आफ्रिकनांची गुलामगिरी आदिवासींच्या गुलामगिरीइतकीच अन्यायाची आहे, अशी कबुली त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात स्वतःच लिहून ठेवली.

आजच्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर शांततेने वसाहत उभारण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. खचलेल्या मनाने १५२२ साली त्यांनी डोमिनिकन संघात प्रवेश केला. पुढली काही वर्षे त्यांनी अभ्यास, प्रार्थना आणि लेखन यांत घालवली. त्या अभ्यासाचा त्यांना पुढे फार उपयोग झाला.

नवे कायदे

१५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी एक महत्त्वाचे आज्ञापत्र काढले. आदिवासी ही पूर्ण अर्थाने माणसे आहेत. ती ख्रिस्ती नसली तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे त्यात ठामपणे म्हटले होते. लास कासास यांनी हा आधार घेऊन सम्राट पाचवा चार्ल्स यांच्या दरबारी पुन्हा धाव घेतली. २० नोव्हेंबर १५४२ रोजी बार्सेलोना येथे सम्राटाने 'नवे कायदे' जाहीर केले. त्याच वर्षी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले होते.

या कायद्यांनी काय केले? युद्ध, बंड किंवा दुसरे कोणतेही कारण सांगून आदिवासींना गुलाम करण्यास बंदी घातली. नवीन एन्कोमिएन्दा देणे बंद केले. ज्यांच्याकडे त्या होत्या, त्यांच्या मृत्यूनंतर ती गावे मुलाबाळांकडे न जाता राजाकडे परत यावीत, असे ठरवले. सरकारी अधिकारी, बिशप आणि मठ यांनी तर आपल्याकडील आदिवासी ताबडतोब सोडावेत, असा हुकूम होता. ख्रिस्तसभेलाही सूट नव्हती.

कायदा झाला, पण तो पाळायचा कोणी? १५४४ साली लास कासास चियापासचे बिशप झाले आणि पुढल्या वर्षी आपल्या धर्मप्रांतात पोहोचले. जो आदिवासींना मुक्त करणार नाही त्याला पापक्षमा नाही, असा त्यांनी नियम केला. एके काळी जी त्यांना स्वतःला नाकारली गेली होती, तीच आता त्यांनी इतरांना नाकारली. शहर खवळले. त्यांना धमक्या आल्या. शेवटी १५४६ साली त्यांना धर्मप्रांत सोडावा लागला. पेरूमध्ये तर वसाहतवाल्यांनी राजाच्या व्हाइसरॉयविरुद्ध सशस्त्र बंड केले. या दबावापुढे सम्राट नमला आणि १५४५ साली वारसाहक्काविषयीचे कलम त्याने मागे घेतले.

मग सगळे व्यर्थ गेले का? नाही. आदिवासींना गुलाम करण्याची बंदी कायम राहिली. तिच्याच आधारे ग्वातेमालात सेरातो नावाच्या अधिकाऱ्याने १५४८ पासून आदिवासी गुलामांना मुक्त केले. कायदा अपुरा असला तरी प्रामाणिक माणसाच्या हाती तो हत्यार ठरतो, हे यावरून दिसते.

शेवटपर्यंत वकिली

१५५० आणि १५५१ साली वाय्यादोलिद येथे एक गाजलेला वाद झाला. विद्वान पंडित सेपुल्वेदा यांचे म्हणणे असे की आदिवासी हे जन्मतःच गुलामीस योग्य असून त्यांच्यावर युद्ध करणे न्याय्य आहे. लास कासास यांनी सलग पाच दिवस आपले म्हणणे वाचून त्याचा प्रतिवाद केला. सर्व मानव एकच आहेत, हा त्यांचा पाया होता. परीक्षकांनी एकमताने निकाल दिला नाही; पण सेपुल्वेदा यांच्या त्या ग्रंथाला स्पेनमध्ये छपाईची परवानगी मिळाली नाही.

१५५२ साली लास कासास यांनी अत्याचारांची हकिगत छापून प्रसिद्ध केली. त्यातील मृतांचे काही आकडे फुगवलेले आहेत, असे आजचे इतिहासकार सांगतात. अत्याचार मात्र खरे होते. पेरूच्या वसाहतवाल्यांनी राजाला मोठी रक्कम देऊन एन्कोमिएन्दा कायमच्या विकत घेण्याचा घाट घातला, तेव्हा तेथील आदिवासी प्रमुखांनी आपले मुखत्यारपत्र लास कासास व दुसऱ्या एका डोमिनिकनाला दिले. त्यांच्या वतीने या दोघांनी राजाला त्याहून जास्त रक्कम देऊ केली. ज्यांना मुके समजले जात होते, ते आता स्वतःच्या न्यायासाठी स्वतः उभे राहिले होते. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे लास कासास यांनी देह ठेवला.

मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने एक निवेदन काढून, नवे प्रदेश शोधणाऱ्याला तेथील लोकांवर हक्क मिळतो हा जुना सिद्धान्त नाकारला. त्या निवेदनात १५३७ च्या आज्ञापत्राची आठवण केलेली आहे. इतक्या वर्षांपूर्वी पेरलेले बी अजून फळ देत आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे आणि १९७६ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. कायदे आहेत, पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला, आपल्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या आदिवासी जोडप्याला पूर्ण मजुरी आणि सुट्टी मिळते का, हे पाहायला पोलीस येणार नाहीत. ते आपणच पाहायचे आहे. लास कासास यांनी राजाकडे कायदा मागण्याआधी स्वतःचे घर साफ केले. येत्या रविवारी अर्पणाच्या वेळी आपण वेदीकडे जाऊ, तेव्हा आपल्या हातातील दान कोणाच्या घामाचे आहे, एवढे एकदा स्वतःला विचारू या.