साबणाच्या पाण्यातील संशोधक

गिरणेच्या किंवा पांझरेच्या काठी कपडे धुणाऱ्या माणसाला साबणाचे नवल वाटत नाही. तेलाचा जो डाग नुसत्या पाण्याला दाद देत नाही, तो साबण लावताच सुटतो, हा नित्याचा अनुभव आहे. परंतु पाण्यात विरघळल्यावर साबणाचे नेमके काय होते, या साध्या प्रश्नाचा एका शास्त्रज्ञाने आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे नाव जेम्स विल्यम मॅकबेन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक ते हेच.

मॅकबेन यांचा जन्म १८८२ साली कॅनडातील चॅथम या गावी झाला. टोरांटो येथील शिक्षण आटोपल्यावर पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले आणि १९०६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अध्यापक झाले. तेथेच साबणाच्या कोड्याने त्यांच्या मनाची पकड घेतली. साबणाच्या घट्ट द्रावणातून वीज चांगली वाहते. त्यावरून द्रावणात विद्युत्‌भारित कण विपुल असावेत असे दिसे. परंतु कणांची संख्या अजमावण्याच्या दुसऱ्या रीतीने पाहिले, तर ती फारच थोडी भरे. दोन्ही मोजमापे बिनचूक, तरीही परस्परविरुद्ध!

१९१३ साली मॅकबेन यांनी याचा उलगडा सुचविला. साबणाचे कण पाण्यात सुटे राहत नाहीत. त्यांतील पुष्कळसे आपण होऊन एकत्र येतात आणि वीज वाहून नेणारे पुंजके बनवितात. या पुंजक्यांना मायसेल म्हणतात. आज आपल्याला ठाऊक आहे की, साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर त्याची लांब शेपटी पाणी टाळते. म्हणून पुंजक्यात शेपट्या आत वळतात आणि टोके बाहेर राहतात. तेलाचा कण त्यांच्या पोटात आसरा घेतो व पाण्याबरोबर निघून जातो. हे सारे घडविण्यास बाहेरचा कोणी कारागीर लागत नाही.

हा विचार लंडनमधील विद्वानांपुढे मांडला गेला, तेव्हा बैठकीच्या अध्यक्षांनी तो निव्वळ मूर्खपणा ठरवून झटकून टाकला, असे सांगतात. मॅकबेन यांनी मात्र आपले मत सोडले नाही आणि प्रयोगही सोडले नाहीत. पुंजक्यांच्या रचनेचे त्यांनी रेखाटलेले चित्र पुढे इतरांनी दुरुस्त केले; मूळ सिद्धान्त मात्र टिकला. १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक देऊन त्यांचा गौरव केला.

त्यांच्या जिज्ञासेचा दुसरा विषय होता सच्छिद्र पदार्थ. कोळसा आपल्या सूक्ष्म छिद्रांत वायू कसा शोषून घेतो, हे त्यांनी तपासले. त्यासाठी बक्र या सहकाऱ्यासह त्यांनी १९२६ साली एक नाजूक तराजू सिद्ध केला. क्वार्ट्झच्या तंतूच्या स्प्रिंगला पदार्थ टांगावयाचा. वायू शोषून तो जड झाला की स्प्रिंग तेवढी ताणली जाई. काही खनिजांची छिद्रे तर इतकी नेमकी असतात की, लहान रेणू आत शिरतात आणि मोठे बाहेरच अडतात. अशा पदार्थांना १९३२ साली त्यांनी रेणूंची चाळणी असे समर्पक नाव दिले. या खनिजांना झिओलाइट म्हणतात. दूर कशाला, आपल्या जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या परिसरात काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे स्टिल्बाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, ते याच कुळातले होत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अनेक वर्षे काम केल्यानंतर मॅकबेन यांनी सुखाने विश्रांती घेतली असती, तर कोणी दोष दिला नसता. परंतु सदुसष्टाव्या वर्षी, १९४९ साली, त्यांनी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका दूरच्या देशात नवी प्रयोगशाळा उभारण्याची जबाबदारी पत्करली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९५२ पर्यंत मॅकबेन यांनी तिचा कारभार वाहिला आणि १९५३ साली त्यांचे निधन झाले. पुढे याच प्रयोगशाळेत झिओलाइटवर मोलाचे संशोधन झाले. ते पाहण्यास मात्र ते उरले नव्हते.

१९९२ साली अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मायसेलांचा साचा केला, त्यांभोवती सिलिका जमविली आणि मग साचा जाळून टाकला. मागे उरला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र पदार्थ. त्याची छिद्रे काही नॅनोमीटर रुंदीची होती. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साबणाचे पुंजके आणि रेणूंची चाळणी, मॅकबेन यांच्या आयुष्याचे हे दोन धागे त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी असे एकत्र विणले गेले.

रोजच्या वस्तूकडे डोळसपणे पाहावे, मोजून खात्री करावी आणि खात्री झाल्यावर उपहासाला भिऊ नये, हा या थोर शास्त्रज्ञाच्या चरित्राचा बोध आहे.