मेजर पॉवेल आणि कोलोरॅडो नदी

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वैराण पठारे कापीत कोलोरॅडो नदी वाहते. इ. स. १८६९ पर्यंत तिच्या खोल घळयांच्या जागी नकाशावर बहुतेक कोरा कागदच होता. तो भरून काढण्याचे ज्यांनी मनावर घेतले, त्या जॉन वेस्ली पॉवेल यांचा उजवा हात शायलोच्या लढाईत, १८६२ साली, गोळी लागून गेला होता.

२४ मे १८६९ रोजी नऊ सोबती व चार नावा घेऊन ते ग्रीन नदीतून निघाले. पंधरा-सोळा दिवसांतच एक नाव खडकावर आपटून फुटली. तिच्यातील शिधा वाहून गेला. वायुभारमापके मात्र दुसऱ्या दिवशी हाती लागली. ती गेली असती तर प्रवास व्यर्थच होता, कारण उंचीवर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, आणि तो मोजूनच कड्यांची उंची काढावयाची होती. एकदा कडा चढताना पॉवेल एका हाताने मध्येच अडकून राहिले. वर पोचलेल्या सोबत्याजवळ दोर नव्हता. त्याने आपली विजार काढून खाली सोडली व तिच्या आधाराने त्यांना वर घेतले!

जुलैच्या मध्यास ग्रीन व ग्रँड या नद्यांचा संगम आला. येथून पुढे कोलोरॅडो. चोहीकडे उघडे खडक. पॉवेल यांनी तेथे काही दिवस मुक्काम करून वेध घेतले व संगमाचे स्थान निश्चित केले. भिजून बुरसलेले पीठ मच्छरदाणीतून चाळावे लागले. ऑगस्टअखेर एका भयंकर खळाळापाशी तीन सोबती नदी सोडून पायी निघून गेले व मारले गेले. एकजण पूर्वीच परतला होता. उरलेले सहाजण दोनच दिवसांत व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोचले.

१८७१-७२ मध्ये पॉवेल पुन्हा गेले. या खेपेस त्यांचे मेहुणे थॉम्प्सन यांनी त्या मुलखाचा नकाशा तयार केला. पुढे १८८१ पासून पॉवेल भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. धरणांच्या जागा हेरणे व नद्यांचे पाणी मोजणे हे काम त्यांनी हाती घेतले; १८८९ मध्ये रिओ ग्रांद नदीवर एम्बुडो येथे त्यासाठी केंद्र उघडले. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत, सर्व जमिनीला पुरेल इतके पाणी येथे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा सभेने त्यांची हुर्यो केली.

१९०२ मध्ये ते वारले. १९६३ पासून ग्लेन घळईतील धरणात कोलोरॅडोचे पाणी साठू लागले. त्या जलाशयाला पॉवेल यांचे नाव दिले आहे. ग्लेन हे नाव पॉवेल यांनीच त्या घळईला दिले होते; तिचा बराच भाग आता पाण्याखाली आहे.