थेम्समध्ये न बुडालेले पुस्तक

सप्टेंबर १९३० मध्ये बंगळूर येथे आजीकडे राहणाऱ्या एका तरुणाने, आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी, कोरी वही विकत आणून कादंबरी लिहावयास प्रारंभ केला. लेखणी हाती घेऊन तो विचार करीत असता एक लहानसे रेल्वे स्थानक त्याच्या मनश्चक्षूंसमोर उभे राहिले. ते स्थानक मालगुडीचे होते. मल्लेश्वरम् व बसवनगुडी या बंगळूरमधील दोन वस्त्यांच्या नावांतून हे नाव जुळविले गेले, असे पुष्कळजण कौतुकाने सांगतात. लेखकाला मात्र ते आपोआपच सुचले होते.

हा तरुण म्हणजे आर. के. नारायणस्वामी. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रास येथे झाला. वडील मुख्याध्यापक, परंतु मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, आणि तोही इंग्रजीत! पुढे १९३० मध्ये ते म्हैसूर येथे पदवीधर झाले. शिक्षकाच्या नोकरीत मन रमेना, म्हणून केवळ लेखनावर जगण्याचे त्यांनी ठरविले. पहिल्या वर्षाची प्राप्ती होती नऊ रुपये बारा आणे, तीही सागरी कायद्यावरील एका ग्रंथाच्या परीक्षणाची.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी पूर्ण झाली, तरी तिला प्रकाशक मिळेना. हस्तलिखित टपालाने सातासमुद्रापार लंडनला जाई आणि नकार घेऊन परत येई. अखेर निराश झालेल्या नारायणांनी ऑक्सफर्ड येथे शिकणारे आपले मित्र पूर्णा यांना कळविले, की या कागदांना दगड बांधून ते थेम्स नदीत बुडवावेत. मित्राने तसे केले नाही. त्याने ते हस्तलिखित कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिले. ग्रीन यांना ते आवडले आणि त्यांच्या शिफारशीवरून हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाने १९३५ मध्ये ते प्रसिद्ध केले. ‘नारायणस्वामी’चे ‘नारायण’ झाले, तेही ग्रीन यांच्याच सांगण्यावरून.

पहिले पुस्तक छापून आले, की लेखकाची वणवण संपते, असे आपल्याला वाटते. नारायणांच्या पुस्तकाची प्रशंसा झाली, खप मात्र झाला नाही. त्यामुळे १९३७ ची दुसरी कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाकडे आणि १९३८ ची तिसरी तिसऱ्याकडे गेली. घर चालविण्यासाठी ते म्हैसूरच्या बातम्या मद्रासच्या एका वृत्तपत्राला पाठवीत. मोबदला मजकुराच्या लांबीनुसार मिळे. १९३९ मध्ये पत्नी राजम विषमज्वराने निवर्तली. पदरी लहान मुलगी होती. त्यातच महायुद्धामुळे लंडनच्या प्रकाशकांशी असलेला संबंध तुटला. तेव्हा १९४२ मध्ये म्हैसूर येथे ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही संस्था काढून ते स्वतःच प्रकाशक झाले.

‘द गाइड’ या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले शंकर नाग यांनी १९८६ मध्ये ‘मालगुडी डेज’ ही मालिका केली आणि लहानगा स्वामी दूरदर्शनवरून महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. नारायण १३ मे २००१ रोजी चेन्नई येथे कालवश झाले.