डाव्या हातानं लिहिलेलं पुस्तक आणि माझा व्हीआर हेडसेट

एरवी मी इथं ॲप, प्रोसेसर, बॅटरी यांवर लिहितो. आज महात्मा जोतीराव फुले यांच्याबद्दल लिहितोय. कारण त्यांच्या आयुष्यातली शेवटची दोन वर्षं मला गेल्या वर्षी नव्यानं कळली.

आमचं गाव येलदरी, जिंतूर तालुका, पूर्णा नदीवरच्या धरणापाशी. मी नोकरीला पुण्यात. गेल्या वर्षी आजोबांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. इंजिनियर नातवानं काय केलं? थेट व्हीआर हेडसेट विकत घेतला. वाटलं, आता आजोबा महिन्याभरात बरे.

आधी जोतीराव

जन्म ११ एप्रिल १८२७. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पोटापाण्यासाठी ते बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी तलाव, बंधारे बांधून पाणी जमिनीत मुरवा, असं सरकारला सुचवलं. धरणाच्या गावात वाढलेल्या मला हे वाचून फार जवळचं वाटलं.

मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आणि दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, पक्षाघाताचा झटका आला. वय ६१. उजवी बाजू लुळी पडली. ज्या हातानं आयुष्यभर लिहिलं, तोच हात गेला. त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले.

जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी त्या हातानं लिहिलं आणि १८८९ मध्ये पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये, त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी छापलं. छापील पुस्तक जोतीरावांना बघायला मिळालं नाही.

मेंदूत नेमकं काय होतं?

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. डावीकडचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात जातो. हाताचे स्नायू, हाडं जागेवरच असतात, हुकूम देणारी वायर तुटलेली असते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी थोडं थोडं काम उचलतात. अट एकच : तीच हालचाल शेकडो, हजारो वेळा करायची.

इथं दोन रस्ते आहेत. एक, चांगल्या हाताला नवं काम शिकवणं. जोतीरावांनी हा निवडला, तेव्हा दुसरा पर्याय फारसा नव्हताच. दोन, गेलेल्या हातालाच परत शिकवणं. विसाव्या शतकात एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञानं त्यासाठी उलटी युक्ती काढली : चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे कमजोर हाताला काम करावंच लागतं. अर्थात, त्या हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असावी लागते.

मग व्हीआर की फिजिओथेरपी?

व्हीआर तेच जुनं काम करतं, फक्त खेळ करून. हात पुढं केला की फळ तुटतं, पॉइंट मिळतो, सेन्सर हालचाल मोजतो. कंटाळा कमी येतो, त्यामुळं हात जास्त वेळा हलतो.

पण जादू नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. हाताच्या बाबतीत निष्कर्ष असा : नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तर खास जास्त फायदा नाही, पण तिच्या जोडीला देऊन सरावाचा वेळ वाढवला तर फायदा दिसतो. २०१६ च्या एका चाचणीत १४१ रुग्णांपैकी काहींना वी हा व्हिडिओ गेम दिला, काहींना पत्ते, बिंगो असे साधे खेळ. दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच!

आमच्याकडंही तसंच झालं. हेडसेट लावला की आजोबांना पहिल्या आठवड्यात गरगरायचं. जिंतूरच्या फिजिओथेरपिस्टताईंनी मात्र दोन वाट्या आणि मूठभर ज्वारी मागितली. एका वाटीतून दुसरीत, चिमटीनं, रोज. मला जरा लाजल्यासारखं झालं. माझ्या हेडसेटच्या किमतीत किती पोती ज्वारी आली असती!

आता आम्ही दोन्ही करतो. सकाळी ज्वारी, संध्याकाळी खुर्चीत बसवून दहा मिनिटं गेम, शेजारी कुणीतरी उभं. उजव्या हातात आता पेला धरता येतो, पेन अजून नाही. म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आजोबा डाव्या हातानं सही गिरवतात. जोतीरावांचं मीच त्यांना सांगितलं होतं.

एवढं लक्षात ठेवा

तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोबडं बोलणं सुरू झालं, तर थांबू नका, लगेच १०८ लावा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि घरी कुणाला लकवा झाला असेल, तर हेडसेटच्या आधी फिजिओथेरपिस्ट गाठा. मी उलटं केलं, तुम्ही करू नका.