बालवाडीत बसलेला आठ वर्षांचा मुलगा

मी जॉर्ज सांतायाना या तत्त्वज्ञांची माहिती लिहीत आहे. त्यांचा जन्म १६ डिसेंबर १८६३ रोजी स्पेनमध्ये माद्रिद येथे झाला. घरची भाषा स्पॅनिश.

१८६९ साली आई मोठ्या भावंडांना घेऊन अमेरिकेत बोस्टनला गेली. हा वडिलांजवळ आविला गावी राहिला. १८७२ साली वडिलांनी त्याला आईकडे नेले. वय आठ, आणि इंग्रजी मुळीच येईना! मग त्याला चक्क बालवाडीत, चिल्ल्यापिल्ल्यांत बसवले. मी चौथीत आहे. मला कुणी अंगणवाडीत बसवले तर मी रडेनच. पण तो तिथेच ऐकून ऐकून इंग्रजी शिकला. घरी सुसानाताई शिकवायची.

गंमत म्हणजे स्पॅनिश आपल्यासारखी आहे. बहुतेक जसे लिहितात तसेच वाचतात. आपण नुसते 'येतो' म्हणतो, 'मी' लागत नाही, त्यांचेही तसेच. इंग्रजीत 'आय' लावावाच लागतो. खुर्ची स्पॅनिशमध्येही 'ती'च असते, इंग्रजीत मात्र 'इट'. बिचाऱ्याला किती अवघड गेले असेल!

१८७३ मध्ये वडील एकटेच स्पेनला परतले. मग नुसती पत्रे. बापलेकांची भेट झाली ती थेट १८८३ साली. इंग्रजी आली, पण वडील दूर राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुस्तके त्यांनी इंग्रजीतच लिहिली. १९५२ साली रोम येथे ते वारले. नागरिकत्व मात्र शेवटपर्यंत स्पेनचेच होते.