सुट्टीतील एका छायाचित्राचे देणे

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपण टिपलेली छायाचित्रे कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. पाहणारेही सौजन्याने माना डोलावतात, कौतुकाचे दोन शब्द बोलतात आणि विषय तेथेच संपतो. कौतुक सहज मिळते. जाणत्या नजरेचा परखड अभिप्राय मात्र दुर्मीळ असतो. तो योग्य वयात लाभला तर एखाद्याच्या आयुष्याची दिशा कशी ठरू शकते, हे अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या चरित्रावरून ध्यानात येते. छायाचित्रणाला कलेच्या दालनात स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. या थोर कारकिर्दीचा आरंभ मात्र झाला तो सुट्टीत काढलेल्या एका छायाचित्राने.

स्टीग्लिट्झ यांचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या होबोकेन या गावी झाला. वडील एडवर्ड हे जर्मनीतून आलेले ज्यू व्यापारी. लोकरीच्या व्यापारात त्यांनी चांगला पैसा कमावला होता. मुलांना उत्तम शिक्षण मिळावे म्हणून १८८१ साली त्यांनी व्यवसाय आवरता घेतला आणि सारे कुटुंब युरोपला नेले. आल्फ्रेड यांनी बर्लिनच्या तंत्रविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. तेथे हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल हे प्रकाशरसायनाचे नामांकित प्राध्यापक शिकवीत असत. त्यांच्या वर्गात बसू लागल्यावर अभियांत्रिकी मागे पडली. फोगेल यांनी नवशिक्यांना घालून दिलेला एक पाठ होता. पांढरा प्लास्टरचा पुतळा आणि त्यावर पांघरलेली काळी मखमल यांचे एकाच प्लेटवर असे छायाचित्र काढायचे की, दोहोंचे बारकावे उमटावेत. इतर विद्यार्थी यातून लवकर मोकळे होत. स्टीग्लिट्झ मात्र त्यापायी कित्येक आठवडे झटत राहिले. तंत्रावर हुकूमत मिळवण्याची ही जिद्द त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

सुट्ट्यांत ते कॅमेरा घेऊन युरोपभर भटकत. त्या काळी प्रवासात छायाचित्रे काढणे कष्टाचे काम होते. जड कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा वाहून न्याव्या लागत. १८८७ च्या उन्हाळ्यात ते इटलीत हिंडत होते. कोमो सरोवराच्या काठावरील बेलाजिओ या गावात मुलामाणसांचा एक घोळका कसल्याशा विनोदावर खळखळून हसताना त्यांना दिसला आणि तो क्षण त्यांनी टिपला. चित्रात कोणतेही भव्य स्मारक नव्हते की निसर्गाचा देखावा नव्हता. होता तो केवळ हसण्याचा एक क्षण. या छायाचित्राला पुढे ‘अ गुड जोक’ या नावाने प्रसिद्धी मिळाली.

लंडनहून ‘द अमॅच्युअर फोटोग्राफर’ नावाचे साप्ताहिक निघत असे. हौशी छायाचित्रकारांनी सुट्टीत केलेल्या कामाची स्पर्धा ते भरवी. स्टीग्लिट्झ यांनी आपली इटलीतील काही छायाचित्रे तेथे पाठवून दिली. परीक्षक होते डॉ. पीटर हेन्री एमर्सन. क्यूबात जन्मलेल्या या गृहस्थांनी वैद्यकी सोडून छायाचित्रणाचा ध्यास घेतला होता. इंग्लंडच्या नॉरफॉक भागातील पाणथळ प्रदेश आणि तेथील कष्टकऱ्यांचे जीवन त्यांनी चित्रित केले होते. स्वभावाने ते फटकळ होते आणि त्यांची मते टोकाची असत. अनेक निगेटिव्ह जोडून बेतलेली, पोशाख चढवून उभी केलेली नाटकी चित्रे त्या काळी प्रतिष्ठा पावली होती. एमर्सन यांना त्यांचा मनस्वी तिटकारा होता. छायाचित्र निसर्गाशी प्रामाणिक असावे, असा त्यांचा आग्रह होता.

समोर आलेल्या प्रवेशिकांमध्ये एमर्सन यांना बेलाजिओचे चित्र तेवढे उत्स्फूर्त वाटले. त्यांनी त्याला पहिला क्रमांक दिला आणि तसा अभिप्रायही नोंदवला. बक्षीस होते एक रौप्यपदक आणि दोन गिनी. रक्कम किरकोळ होती. पण ज्याला आपण पाहिलेले नाही आणि ज्याची आपल्याशी ओळख नाही, अशा माणसाने केवळ चित्र पाहून दिलेला तो कौल होता. तेवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याला आपण कोणत्या वाटेने जावे, हे त्यातून उमगले. पुढच्याच वर्षी त्यांनी याच स्पर्धेत पहिले आणि दुसरे अशी दोन्ही बक्षिसे मिळवली. जर्मन आणि ब्रिटिश नियतकालिकांतून त्यांची चित्रे छापून येऊ लागली.

पुढे दैवाची गंमत अशी की, एमर्सन यांनी स्वतःच आपला पक्ष सोडला. छायाचित्रण ही कला आहे, हा आपला दावा त्यांनी १८९०-९१ च्या सुमारास जाहीरपणे मागे घेतला. परीक्षकाचा विश्वास ढळला. विद्यार्थ्याचा मात्र ढळला नाही.

१८९० साली धाकटी बहीण फ्लोरा हिचे बाळंतपणात निधन झाले आणि स्टीग्लिट्झ न्यूयॉर्कला परतले. अमेरिकेत तोवर वारे बदलले होते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला होता. त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. चित्रे छापून आणि नवी फिल्म भरून तो परत येई. रसायनांचे ज्ञान आणि अंधारखोली यांची गरजच उरली नाही. सहलीला निघालेल्या कुटुंबांच्या हाती कॅमेरे आले आणि चित्रांचा पूर लोटला. शहरोशहरी हौशी छायाचित्रकारांचे क्लब होते. महाराष्ट्रात ज्याला शांबरिक खरोलिका म्हणत, त्या मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने सभासद आपापली चित्रे पडद्यावर दाखवत आणि त्यांवर चर्चा करत.

अशा वर्तुळातील अभिप्राय नेहमीच शहाणपणाचा असतो असे नाही, याचा अनुभव स्टीग्लिट्झ यांना लवकरच आला. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये हिमवादळ चालू असताना मागून आणलेला एक हातातला कॅमेरा घेऊन ते फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभे राहिले. बर्फातून वाट काढणारी घोडागाडी त्यांना हवी होती. ती मिळाली. क्लबातल्या स्नेह्याने निगेटिव्ह पाहून ती धूसर आणि टाकाऊ ठरवली. स्टीग्लिट्झ यांनी तिचा योग्य तेवढाच भाग निवडून चित्र सिद्ध केले. ‘विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू’ हे चित्र आज छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने उल्लेखले जाते. कोणाचा शब्द शिरोधार्य मानायचा आणि कोणाचा बाजूस सारायचा, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

त्याच वर्षी त्यांचा एमलीन ओबरमायर यांच्याशी विवाह झाला. १८९४ च्या उन्हाळ्यात हे दांपत्य युरोपच्या दौऱ्यावर निघाले. व्हेनिसचे कालवे, जर्मनीतील गुटाख आणि हॉलंडच्या किनाऱ्यावरील कॅटविक ही कोळ्यांची वस्ती येथे स्टीग्लिट्झ यांनी विपुल चित्रे काढली. कॅटविकच्या वाळूच्या टेकडीवर जाळे सांधत बसलेल्या स्त्रीचे चित्र त्यांतलेच.

आता ते स्वतः इतरांच्या कामाचे परीक्षक झाले होते. ‘द अमेरिकन अमॅच्युअर फोटोग्राफर’ या मासिकाचे संपादन त्यांनी १८९३ पासून तीन वर्षे केले. १८९७ साली न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबतर्फे ‘कॅमेरा नोट्स’ हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. क्लबच्या सभासदांना वाटे की, वर्गणी आपण भरतो तेव्हा आपली चित्रे छापली जावीत. स्टीग्लिट्झ यांचा निकष वेगळा होता. चित्र कोणाचे आहे हे ते पाहत नसत. ते कसे आहे एवढेच पाहत. परिणामी सभासदांची नाराजी वाढत गेली आणि १९०२ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. १९०८ साली तर क्लबने त्यांना सभासदत्वावरूनही दूर केले. वाद विकोपाला गेल्यावर ते परत देण्यात आले. मात्र खऱ्या गुणांची पारख होताच त्यांचा हात सढळ असे. १९०० साली पॅरिसला निघालेला एडवर्ड स्टायकेन नावाचा अपरिचित तरुण आपली चित्रे घेऊन त्यांच्याकडे आला. स्टीग्लिट्झ यांनी त्यांतली तीन, प्रत्येकी पाच डॉलर मोजून, विकत घेतली.

१९०२ मध्ये त्यांनी समानधर्मी छायाचित्रकारांचा ‘फोटो-सेसेशन’ हा गट स्थापन केला. पुढच्या वर्षी ‘कॅमेरा वर्क’ हे त्रैमासिक निघाले. १९०५ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या जागी छोटेसे कलादालन उघडले. याच दालनात अमेरिकेला रोदँ यांची रेखाटने आणि मातीस व पिकासो यांची चित्रे पाहायला मिळाली.

१९०७ साली स्टीग्लिट्झ पत्नी आणि मुलीसह पुन्हा युरोपला निघाले. ‘कायझर व्हिल्हेल्म दुसरा’ या जहाजाच्या पहिल्या वर्गातील श्रीमंत सहप्रवाशांची संगत त्यांना असह्य झाली. फिरत फिरत ते डेकच्या टोकाशी आले. खाली सर्वांत स्वस्त वर्गाची, अमेरिकेतून युरोपला परतणारी माणसे दाटीवाटीने उभी होती. वर कठड्यालगत दुसरी गर्दी आणि मधून तिरकी गेलेली पांढरी पायवाट, असे दृश्य होते. धावत केबिनमध्ये जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. प्लेट एकच शिल्लक होती. ‘द स्टीअरेज’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र असे प्रवासात जन्मले. जिवलग स्नेही जोसेफ काइली यांना त्यात एकसंध चित्र दिसेना. वरचे एक आणि खालचे एक अशी दोन चित्रे दिसली. १९११ मध्ये ‘कॅमेरा वर्क’मध्ये ते छापले जाईपर्यंत चार वर्षे उलटली होती.

२९१ मध्ये चित्रे दाखवायला येणाऱ्यांत पॉल स्ट्रँड हा तरुण होता. धूसर परिणाम साधणाऱ्या भिंगामुळे गवत, पाणी, झाडाची साल सारे एकसारखेच दिसते, हा दोष स्टीग्लिट्झ यांनी त्याला दाखवून दिला. स्ट्रँडने ते मनावर घेतले. १९१६ साली २९१ मध्ये त्याचे प्रदर्शन भरले आणि १९१७ मधील ‘कॅमेरा वर्क’चा अखेरचा जोडअंक पूर्णपणे त्याच्या चित्रांना वाहिलेला होता.

या परखडपणाची किंमतही मोठी होती. गर्ट्रूड केझबिअर, क्लॅरन्स व्हाइट आणि पुढे स्टायकेन असे एकेकाळचे सोबती एकामागून एक दुरावले. पुढल्या काळात स्ट्रँडही दूर गेला. ‘कॅमेरा वर्क’च्या वर्गणीदारांची संख्या आरंभी हजाराच्या घरात होती, ती काही डझनांवर आली. १९१७ मध्ये नियतकालिक आणि दालन दोन्ही बंद पडले. दुसऱ्याच्या कामात तडजोड न खपवणाऱ्या या माणसाला स्वतःचा शब्द अखेरचा मानण्याची सवयही जडली होती. चित्राचा परीक्षक आणि माणसांचा शास्ता यांतली सीमारेषा त्यांना नेहमीच पाळता आली असे म्हणता येणार नाही.

स्वतःवरील टीका मात्र ते विसरत नसत. चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ यांची त्यांनी शेकडो छायाचित्रे काढली होती. १९२४ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. समोर बसलेल्या व्यक्तीवर स्टीग्लिट्झ यांची मोहिनी पडते आणि त्यातूनच व्यक्तिचित्रांना बळ मिळते, असे लेखक वॉल्डो फ्रँक यांनी म्हटल्याचे त्यांच्या जिव्हारी लागले. उत्तरादाखल त्यांनी १९२२ साली ज्यांवर कोणाचीच मोहिनी चालत नाही त्या ढगांकडे कॅमेरा वळवला. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवराकाठी त्यांच्या कुटुंबाचे सुट्टीतले घर होते. तेथून वर पाहत त्यांनी आकाशाची जी चित्रे टिपली, ती ‘इक्विव्हलंट्स’ म्हणून ओळखली जातात. १९११ नंतर ते पुन्हा युरोपला गेले नाहीत. ज्यांचा आरंभ परदेशातील भटकंतीतून झाला, त्यांना आता एका सरोवराचा काठ पुरत होता.

१९२४ सालीच आणखी एक महत्त्वाची घटना घडली. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात भारतीय कलाविभाग सांभाळणारे कोलंबोचे सुपुत्र, थोर कलामीमांसक आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने स्टीग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे त्या संग्रहालयात दाखल झाली. अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयाने छायाचित्रांना कलाकृती म्हणून आपल्या कायम संग्रहात घेतल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. भारतीय शिल्पांचे मर्म जगाला उलगडून सांगणाऱ्या नजरेने दिलेला हा कौल होता.

१९३३ च्या वसंतात कॅलिफोर्नियाचा एक छायाचित्रकार डोंगरदऱ्यांत काढलेली आपली चित्रे घेऊन स्टीग्लिट्झ यांच्या ‘ॲन अमेरिकन प्लेस’ या नव्या दालनात आला. त्याचे नाव ॲन्सेल ॲडम्स. आधी त्याला तुटकपणे दुपारी येण्यास सांगण्यात आले. दुपारी बसायला खुर्ची नव्हती म्हणून तो खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर टेकला. स्टीग्लिट्झ यांनी एकही शब्द न बोलता एकेक चित्र पाहिले, पेटी मिटली, पुन्हा उघडली आणि सारी चित्रे नव्याने पाहिली. त्यानंतर त्यांनी मनःपूर्वक प्रशंसा केली. १९३६ मध्ये याच दालनात ॲडम्स यांचे प्रदर्शन झाले.

प्रकृती साथ देईनाशी झाल्यावर १९३७ च्या सुमारास स्टीग्लिट्झ यांनी कॅमेरा खाली ठेवला. १३ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा लेक जॉर्जच्या काठी विसावली. ओ’कीफ यांनी त्यांच्या सोळाशेहून अधिक छायाचित्रांचा संच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या स्वाधीन केला.

बेलाजिओच्या छायाचित्राबद्दल मिळालेल्या दोन गिनी केव्हाच खर्चून गेल्या असतील. एका अनोळखी परीक्षकाने ते चित्र मन लावून पाहिले आणि मनापासून मत दिले. ते ऋण स्टीग्लिट्झ यांनी इतरांची चित्रे तितक्याच गांभीर्याने पाहून जवळजवळ साठ वर्षे फेडले. आज प्रवासातील छायाचित्रे अक्षरशः क्षणात जगभर पोहोचतात आणि कौतुकही तितक्याच वेगाने परत येते. ॲडम्स यांची पेटी मिटून पुन्हा उघडणाऱ्या स्टीग्लिट्झ यांच्यासारखे दुसऱ्यांदा पाहणारे डोळे मात्र आजही मोजकेच आहेत.