डॉक्टरेटनंतर पंचवीस वर्षांनी मिळालेलं नागरिकत्व

अमेरिकेत मुलं असलेल्या घरांत ग्रीन कार्डाचा विषय निघाला नाही असा फोन विरळाच. माझ्या मावसबहिणीकडे तर जावयाच्या तब्येतीच्या आधी त्याच्या प्रायॉरिटी डेटची चौकशी होते! अशा वेळी मला दलीपसिंग सौंद आठवतात. अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेले ते पहिले भारतीय. पण त्या विजयाआधी त्यांनी किती वाट पाहिली, हे आपल्याला फारसं माहीतच नसतं.

सौंद यांचा जन्म १८९९ चा, अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडीचा. अन्न टिकवण्याचं शास्त्र शिकून परत यायचं, असं ठरवून ते १९२० मध्ये कॅलिफोर्नियाला गेले. मग गणिताकडे वळले आणि १९२४ मध्ये बर्कलीहून डॉक्टरेट मिळवली. पण भारतीय माणसाला त्या काळी कॉलेजात कोण नोकरी देणार? गणिताचा हा डॉक्टर इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्यांचा मुकादम झाला, पुढे शेती करू लागला.

शेतीतही सुख नव्हतंच. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की भारतीय कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत, म्हणून त्यांना नागरिक होता येणार नाही. आणि ज्याला नागरिक होता येत नाही त्याला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेता येत नव्हती. घाम आपला, सातबारा दुसऱ्याचा, असंच म्हणा ना!

१९२८ मध्ये त्यांनी मॅरियन कोसा या चेक वंशाच्या मुलीशी लग्न केलं. मैत्रिणींनो, तेव्हाचा कायदा ऐकाल तर थक्क व्हाल. नागरिकत्वाला अपात्र असलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्वही जायचं! ते कलम १९३१ मध्ये निघालं. सौंदना तीन मुलं झाली. मुलं जन्माने अमेरिकन आणि वडील मात्र परकेच.

पण हा माणूस नुसता वाट पाहत बसला नाही. १९४२ मध्ये त्यांनी भारतीयांची संघटना उभी केली, कायदा बदलावा म्हणून गावोगाव भाषणं दिली. अखेर १९४६ मध्ये लूस-सेलर कायदा झाला. यातल्या लूस म्हणजे क्लेअर बूथ लूस, काँग्रेसमधल्या एक बाई, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा दिल्या, पण नागरिकत्वाचं दार उघडलं. डिसेंबर १९४९ मध्ये सौंद नागरिक झाले.

पुढच्याच वर्षी ते वेस्टमोरलंड गावच्या न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि निवडूनही आले. पण नागरिक होऊन वर्ष पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणून पद नाकारलं गेलं. १९५२ मध्ये पुन्हा उभे राहिले, पुन्हा जिंकले. १९५६ मध्ये विख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांना हरवून ते काँग्रेसवर गेले. तिथे तीनदा निवडून आले. १९६२ मध्ये पक्षाघाताने त्यांची कारकीर्द थांबली. १९७३ मध्ये ते गेले.

आज वंशाची अट नाही, पण रांग आहेच. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून आपली मुलं वर्षानुवर्षं खोळंबतात. कार्ड मिळालं की साधारण पाच वर्षांनी, अमेरिकन नागरिकाशी लग्न करून एकत्र राहत असाल तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मग इंग्रजीची आणि तिथल्या इतिहास-राज्यकारभाराची परीक्षा, शेवटी शपथ. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट सोडावा लागतो. ओसीआय कार्डावर येता-राहता येतं, मत मात्र देता येत नाही.

म्हणूनच हा निर्णय नुसता कागदाचा नाही. ग्रीन कार्डावर नोकरी होते, घर होतं, पण राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही. सौंदना नागरिकत्व हवं होतं ते गावच्या कारभारात भाग घेण्यासाठी, आणि वर्ष उलटायच्या आत ते उभेही राहिले. शपथ घेऊन आलेल्या आपल्या लेकी-सुनांनी निदान मतदार यादीत नाव तरी लगेच घालावं, नाही का?